नवस बापाचा, आयुष्य मुलाचे

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो, कारण संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर तिथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातल्याच नव्हे, तर तेलंगण, आंध्र, कर्नाटकातल्या तांड्यांवरूनही माणसे येतात. १५ फेब्रुवारी १७३९ ही सेवालाल महाराजांची, म्हणजेच सेवाभायांची, जन्मतारीख मानली जाते. त्यांच्या जन्माची कथा समाजात अनेक रूपांनी सांगतात. तिचा सांगाडा साधारण असा. भीमा नाईक आणि धर्मणी याडी यांना मूल नव्हते. नाईकांनी जगदंबेची आराधना केली, देवी प्रसन्न झाली आणि तिने पुत्र दिला, पण एका अटीवर. मुलगा बारा वर्षांचा झाला की तो तिचा भगत व्हायचा. बाप कबूल झाला. पुढे देवी आपले देणे मागायला आली, तेव्हा मात्र मुलगा कबूल होईना. तिच्या पूजेत जनावराचा बळी पडतो, तो त्याला मान्य नव्हता. देवी कोपली, तांड्यावर संकटे आली, वाद लांबला. शेवटी सेवाभाया भगत झाले ते स्वतः पटल्यावर, आणि जन्मभर ब्रह्मचारी राहिले. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण बापाने दिलेला शब्द मुलाने आपोआप आपला मानला नाही आणि देवीलाही थांबावे लागले, हा गाभा टिकून राहतो. पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सैन्यात घ्यावे का, त्याला प्रौढाचे हक्क द्यावेत का, या प्रश्नाकडे मला या कथेच्या बाजूने पाहावेसे वाटते. एरवी ही चर्चा मुलगा ‘तयार’ आहे की नाही याच्यावरच अडते. त्याच्या आयुष्याचा शब्द देण्याचा अधिकार कोणाला, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

ही कथा एकटी नाही. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राची गोष्ट आहे; डोंबाघरी पाणी भरणाऱ्या सत्यवादी राजाची आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट नव्हे, तिच्याहून जुनी आणि जास्त अवघडून टाकणारी. राजा निपुत्रिक असतो. तो वरुणाला नवस बोलतो की मुलगा झाला तर त्याचाच बळी तुला देईन. रोहित जन्मतो आणि वरुण दाराशी उभा राहतो. बाप मुदत मागत जातो. दहा दिवस उलटू देत, दात येऊ देत, ते पडू देत, पुन्हा येऊ देत. शेवटची मुदत महत्त्वाची आहे: क्षत्रियाचा मुलगा अंगावर कवच चढवण्याजोगा झाला म्हणजे तो यज्ञाला योग्य होतो, तोवर थांब. रोहित कवच घालण्याच्या वयाला येतो, बाप त्याला नवसाची हकीकत सांगतो, आणि मुलगा ‘नाही’ म्हणून धनुष्य उचलून रानात निघून जातो. या जागी मी नेहमी थबकतो. ज्या वयात मुलाच्या हातात शस्त्र येते त्याच वयात त्याच्या तोंडी नकार येतो, असे त्या प्राचीन कथाकाराने एका श्वासात सांगितले आहे. तो नकार फुकटही नाही. वरुण हरिश्चंद्राला जलोदराने गाठतो, जसे सेवाभायांच्या नकारानंतर तांडा भोगतो. पण पुढे दोन्ही कथा वेगळ्या वाटांनी जातात. सेवाभाया स्वतः देवीशी वाद घालत राहतात. रोहित मात्र सहाव्या वर्षी रानात भुकेने गांजलेल्या अजीगर्त ऋषीला गाठतो आणि शंभर गाई देऊन त्याचा मुलगा आपल्या जागी विकत घेतो. थोरला बाप सोडत नाही, धाकटा आई सोडत नाही, मधला शुनःशेप विकला जातो. मुलाला खांबाला बांधायला कोणी पुढे येत नाही, तेव्हा बापच आणखी शंभर गाईंवर ते काम पत्करतो, आणि सुरी चालवायला आणखी शंभर. राजाच्या मुलाला नकार परवडला. त्याची किंमत उपाशी घरातल्या मुलाने भरायची होती.

बापाने मुलाचा शब्द द्यावा ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नव्हती, हे मान्य करायला हवे. नारदस्मृती सोळाव्या वर्षापर्यंत मुलाला बाल मानते आणि त्यानंतर व्यवहाराला मोकळा म्हणते, पण आईबाप हयात असतील तर तो म्हातारा झाला तरी स्वतंत्र नाही, असेही तिचे म्हणणे आहे. म्हणजे वय हा एक उंबरठा आणि बाप हा दुसरा. आधुनिक कायद्याने दुसरा उंबरठा हळूहळू उखडून काढला. आईबापांनी नवसापोटी मुलगी देवाला सोडायची, हे यल्लम्माच्या आणि खंडोबाच्या नावाने महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९३४ साली मुंबई प्रांताने देवदासींबाबत कायदा केला आणि आईबापांच्या भक्तीने मुलीचे आयुष्य बांधले जात नाही, असे ठरवून टाकले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने आणखी बारकाईने विचार केला. थोरांनी लहानपणी लावून दिलेले लग्न त्या मुलाला किंवा मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून मागता येते. करारांच्या कायद्यात तर हा नियम जुना आहे. सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या सहीने बैलजोडी विकण्याचा करार केला तर तो मुळातच शून्य ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरीबीबीच्या खटल्यात ते पक्के केले. या पार्श्वभूमीवर सैन्यातल्या अग्निवीर भरतीचा नियम वाचावा. किमान वय साडेसतरा. उमेदवार अठराच्या आतला असेल तर अर्जावर आईबापांची किंवा पालकाची सही. मुदत चार वर्षे, आणि मध्येच स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडता येत नाही, अपवादात्मक कारणे सोडून. बैल विकण्याचा अधिकार नसलेला मुलगा बापाच्या सहीने चार वर्षांसाठी, आणि प्रसंगी जिवासकट, बांधला जातो. मंदिराच्या दारातून आपण जो नवस बाहेर काढला, त्याला भरतीच्या टेबलावर जागा दिली आहे.

इथे सैन्याच्या बाजूने खरी आणि वजनदार गोष्ट सांगितली जाते, ती नीट मांडली पाहिजे. मुलांना युद्धापासून दूर ठेवण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पूरक करारावर भारताने २००५ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, तेव्हा आपण लिहून दिले की भरतीचे किमान वय सोळा असले, भरती पूर्णपणे ऐच्छिक असली, तरी प्रशिक्षण संपवून अठरा पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही मोहिमेच्या भागात पाठवले जात नाही. परमवीरचक्र मिळवणारे योगेंद्रसिंह यादव सोळा वर्षे पाच महिन्यांचे असताना सैन्यात गेले. टायगर हिलच्या कड्यावर चढले तेव्हा, जुलै १९९९ मध्ये, ते एकोणीस वर्षांचे होते. नियमाने आपले काम चोख केले, असे कोणी म्हणेल आणि त्यात खोटे काही नाही. पण हा नियम शरीराला अठरापर्यंत राखतो, संमतीला नाही. गोळी झेलायला मुलगा लहान आहे हे तो मान्य करतो; गोळी झेलण्याचा शब्द द्यायलाही तो लहान असेल, हे मान्य करत नाही. वास्तविक दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा आधी घडते. शिवाय हक्कांचा हिशेब या देशात बराच काळ उलटाच होता. मतदानाचे वय १९८९ पर्यंत एकवीस होते, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरा झाले. म्हणजे १९६२, १९६५ आणि १९७१ च्या लढायांत एकवीसच्या आतले जे जवान उभे राहिले, त्यांना लढाईचा निर्णय घेणारे सरकार निवडण्याचा अधिकार नव्हता. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात याच विसंगतीवर बोट ठेवून तरुणांनी १९७१ साली मताचे वय खाली आणायला लावले. लढण्याइतका मोठा, तर मत देण्याइतकाही मोठा, हा त्यांचा युक्तिवाद जिंकला. मला तो अर्धाच पटतो. त्यात लढण्याचे वय पक्के धरले आहे आणि मताला त्याच्यामागून धावायला लावले आहे. क्रम उलटा हवा. आधी बोलू द्यावे, मग मागावे.

सगळ्यात जोरकस आक्षेप आपल्या इतिहासातून येतो, आणि मराठी माणसाला तो तोंडपाठ असतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पुरी झाली तेव्हा ज्ञानदेव पंधरा-सोळा वर्षांचे होते. माधवराव १७६१ साली पेशवे झाले ते सोळाव्या वर्षी. नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहतांनी ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हातातून सोडला नाही आणि गोळ्या झेलल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा होते. मग आजच्या सतरा वर्षांच्या मुलाला बाळ का म्हणायचे? माझे उत्तर असे की त्याला बाळ म्हणण्याची काहीच गरज नाही. एखाद्याला काय जमते आणि दुसऱ्याने त्याच्याकडे काय मागावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिरीषकुमारांना कोणत्याही सेनापतीने तिथे तैनात केले नव्हते. त्यांचे धैर्य हे त्यांचे होते, आणि त्यांच्या मृत्यूची जबाबदारी गोळ्या झाडणाऱ्या सत्तेची. त्या धैर्याला वंदन करून आपण स्वतःसाठी मुले भरती करण्याचा परवाना घेतो, तेव्हा त्यांचे बलिदान आपण आपल्या खात्यावर जमा करत असतो. ज्यांना मोठ्यांनी पुढे केले, त्यांची यादी कमी अभिमानास्पद आहे. विश्वासराव पानिपतावर मोहिमेचे नावाचे प्रमुख म्हणून गेले आणि १४ जानेवारी १७६१ ला पडले, तेव्हा त्यांना जेमतेम अठरा पूर्ण होती. आणि अभिमन्यूची गोष्ट आपण शौर्याची म्हणून सांगतो, पण द्रोणपर्वात तो काय म्हणतो हे विसरतो. चक्रव्यूह फोडून आत शिरणे मला येते, संकट आले तर बाहेर पडणे येत नाही, हे तो युधिष्ठिराला आधीच सांगतो. सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या ज्ञानाची मर्यादा अगदी अचूक सांगितली होती. चुकला तो थोरांचा हिशेब. तू वाट कर, आम्ही पाठोपाठ येतो, असे त्यांनी सांगितले, आणि जयद्रथाने त्यांना बाहेरच अडवले. मुलांच्या समजुतीत काय उणे आहे हे मोजताना मोठ्यांच्या आश्वासनात काय उणे आहे हे कधी मोजले जात नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि त्याला कथांनी उत्तर देऊन भागत नाही. वाशीम हा महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. हे नाव गोड आहे, अर्थ मागासलेला असा. तांड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरांच्या शाळेत महिनोन्‌महिने खंड पडतो. तिथे सोळाशे मीटरची धाव साडेपाच मिनिटांत मारता यावी म्हणून पहाटे पळणाऱ्या मुलाला ‘थांब, तू लहान आहेस’ म्हणणे ही सुखवस्तू माणसाची ऐट वाटू शकते. ज्या वयात त्याला कोयता चालतो, त्या वयात वर्दी का चालू नये? हा प्रश्न मला खरोखर अडवतो. कोयताही चालू नये हे त्याचे कागदी उत्तर झाले. खरे उत्तर शुनःशेपाच्या गोष्टीत जिथे दुखते तिथेच आहे. दुसरी वाट नसलेल्या घरातून आलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणताना जपून म्हणावे, कारण अजीगर्तावरही कोणी जबरदस्ती केली नव्हती. बंजारा समाजाला दुसऱ्यांच्या लढायांचा अनुभव जुना आहे. मोगलांच्या दख्खन मोहिमांना आणि पुढे इंग्रजांच्या फौजांना धान्य पुरवले ते लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्याच, तांड्यांनी. बैलांच्या मागे बायका-पोरांसकट अख्खा तांडा चालायचा. मग त्याच इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि फिरत्या जमाती संशयाच्या यादीत गेल्या. फौजेला उपयोग होता तोवर तांडा हवा होता. म्हणून गरीब मुलाच्या हिताची भाषा भरती करणाऱ्याच्या तोंडी ऐकली की माझे कान टवकारतात. आणि व्यवहार पाहिला तर साडेसतराचे अठरा केल्याने कोणाची भाकरी जात नाही. वरची वयोमर्यादा तिथेच राहते, मुलाचे सहा महिने पुढे सरकतात इतकेच. सहा महिने क्षुल्लक आहेत, तर मग हट्ट कशाला, असे कोणी म्हणेल. नेमके म्हणूनच तो सैन्याने सोडायला हरकत नसावी.

हक्कांच्या बाजूला मात्र माझी मागणी वय वर नेण्याची नाही, आणि इथे मला रूढ सावधगिरीपासून थोडे दूर जावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी अनेक देशांतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासांतून एक फरक पुढे आला. शांतपणे, वेळ घेऊन, इतरांशी बोलून विचार करण्याची शक्ती साधारण सोळाव्या वर्षी प्रौढाइतकी होते. पण रागात, भीतीत, सोबत्यांच्या नजरेसमोर स्वतःला आवरण्याची ताकद विशीत येऊन ठेपते. मत देणे पहिल्या प्रकारचे काम आहे. त्याला आठवडे मिळतात, चूक झाली तर पाच वर्षांनी सुधारता येते, आणि एकाच्या चुकीवर कोट्यवधींच्या मतांचे पाणी पडते. ब्राझीलने १९८८ मध्ये आणि ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळाव्या वर्षी मताचा हक्क दिला, त्याने आकाश कोसळले नाही. रणांगण दुसऱ्या प्रकारचे आहे. तिथे क्षण मिळतात आणि चूक परत येत नाही. म्हणजे प्रौढत्व हा एकच दरवाजा नाही, आणि सगळे हक्क आणि सगळी कर्तव्ये एकाच दिवशी त्यातून आत सोडण्याचे कारण नाही. जे परत फिरवता येते ते लवकर द्यावे, जे परत येत नाही ते उशिरा मागावे. आपले कायदे मात्र सोयीप्रमाणे वय बदलतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. शिक्षेपुरता तो मोठा, मतापुरता लहान, भरतीपुरता बापाच्या सहीने मोठा. महाभारतातला मांडव्य ऋषी यमाकडे जाऊन विचारतो की मला सुळावर का चढावे लागले. लहानपणी किड्याला काडी टोचलीस म्हणून, असे उत्तर मिळते. तो यमालाच शाप देतो आणि मर्यादा घालून देतो की चौदा वर्षांपर्यंतचे कर्म पाप धरले जाणार नाही. चौदा हा आकडा आज मान्य करा वा करू नका. पण न्यायदेवतेलाही वयाचा हिशेब चुकल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, असे मानणारी ही परंपरा आहे.

शेवटी शिस्तीचा मुद्दा येतो. सैन्य म्हणजे वाद घालण्याची जागा नव्हे, आणि लहान वयात घडवलेला मुलगा अधिक चांगला सैनिक होतो, असे अनुभवी अधिकारी सांगतात. असेलही. पण आज्ञा पाळणे आणि आज्ञाधारक होण्याचा निर्णय घेणे यांत फरक आहे. पहिली गोष्ट दुसरीवर उभी असते. सेवाभायांची जी शिकवण तांड्यांवर अजून सांगतात तिचा आशय असा की आधी जाणून घ्यावे, मग पारखून घ्यावे, आणि त्यानंतरच मानावे. त्यात मानण्याला नकार नाही, उलट मानणे हेच टोक आहे. फक्त त्याआधीच्या दोन पायऱ्या कोणी दुसऱ्याने चढून चालत नाहीत. पोहरादेवीच्या गादीवर दीर्घकाळ असलेले रामराव महाराज, जे ३० ऑक्टोबर २०२० रोजी गेले, त्यांनी यात्रेतल्या पशुबळीविरुद्ध आयुष्यभर समजूत घातली. हुकूम काढून भागले असते तर इतकी वर्षे बोलावे लागले नसते. सैन्याला हे अशक्य आहे असेही नाही. ब्रिटनचे सैन्य आजही सोळाव्या वर्षी मुले घेते, आणि त्यावर खूप टीका होते. पण तिथे अठरा पूर्ण होईपर्यंत सोडून जाण्याचा हक्क त्या मुलाला आहे, आणि त्या हक्कामुळे सैन्य कोसळले नाही. आपल्याकडे साडेसतराची अट ठेवायचीच असेल, तर बालविवाहाच्या कायद्यातली तरतूद उचलून इथे आणता येईल. प्रशिक्षण सुरू होऊ दे, पगार मिळू दे, पण शपथ अठराच्या दिवसानंतर, आणि त्या दिवशी नवा कागद, ज्यावर बापाच्या सहीची ओळच नाही. मुलाने तो कोरा परत केला तर त्याने घेतलेला पगार वसूल करायचा नाही, पुढच्या नोकरीच्या नोंदीत डाग लावायचा नाही, आणि वयात बसत असेल तर पुढच्या भरतीत पुन्हा उभे राहू द्यायचे. असे किती जण कागद कोरा परत करतील? बहुधा थोडे. गावात बँड लावून निरोप दिलेल्या मुलाला घरी परतणे सोपे नसते, आणि ती लाज कोणत्याही कायद्याने पुसली जात नाही. तरी त्या थोड्यांसाठी तो कागद असला पाहिजे, आणि जे सही करतील त्यांच्यासाठी तर अधिकच, कारण त्या दिवसापासून त्यांच्या सैनिकपणाला दुसऱ्या कोणाच्या शब्दाचा आधार लागणार नाही.